कौको निस्काला यांना माती देण्याची परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख पाळक,
कुर्किसाल्मी मंडळी कार्यालय,
चर्चमागील पिवळी इमारत, कुर्किसाल्मी.

अर्जदार : श्रीमती लेम्पी निस्काला, वय ७३, निवृत्त चर्च-राखणदार.

विषय : माझे पती कौको निस्काला (मृत्यू दि. ६ फेब्रुवारी २०२५) यांचे दफन कोणत्याही पाळकाविना, अर्जदाराच्या हातून होऊ देण्याबाबत.

संदर्भ : १) या कार्यालयाचे नकाराचे पत्र, दि. १७ फेब्रुवारी.
२) आरोग्य केंद्राचे शीतगृहाबाबतचे पत्र, दि. ५ मार्च.
३) दि. ९ मार्च रोजी अर्जदाराच्या स्वयंपाकघरात आपण दिलेली तोंडी सूचना.

महोदया,

१. अर्जदार या मंडळीच्या चर्चमध्ये १९९३ ते २०१९ अशी सव्वीस वर्षे राखणदार होती. घंटा वाजवणे, वेदीवरची कापडे धुणे, दफनाच्या वेळी पाळक पेटीवर टाकतात ती वाळू चाळून भट्टीवर कोरडी करणे म्हणजे थंडीत तिचे ढेकूळ होत नाही, आणि आलेले अर्ज पाळकांच्या टेबलावर नेऊन ठेवणे, ही माझी कामे. त्यामुळे अर्ज कसा असावा हे मला ठाऊक आहे. तो एका पानाचा असावा. हा तसा होणार नाही, त्याची आधीच माफी मागते.

२. आपण माझी एकुलती एक मुलगी आहात आणि मयत हे आपले वडील, ही गोष्ट कार्यालयाला माहीत आहे. तरीही अर्ज नियमाने व्हावा म्हणून ती नोंदवत आहे. काल दुपारी आपण माझ्या स्वयंपाकघरात कोटही न काढता उभ्या राहिलात आणि म्हणालात, "आई, तोंडी मी कुणालाच काही देऊ शकत नाही. तुला दिलं तर उद्या अख्खं गाव म्हणेल, पाळकीणबाईंनी आईसाठी नियम वाकवला. तू अर्ज दे. सगळं लिहून दे. मी वाचीन." मी कॉफी पुढे केली, ती आपण घेतली नाही. आपले म्हणणे रास्त आहे. म्हणून हा अर्ज, आणि म्हणून यात सगळे.

३. नवीन माणसाच्या हाती ही फाईल गेल्यास त्यास कळावे म्हणून थोडी पार्श्वभूमी देते. आपल्या देशाच्या लूथरन चर्चने स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देणे सुरू केले, तेव्हा काही लोकांना ते पटले नाही. त्यांनी चर्च सोडले नाही. नोंदवहीतून नाव काढले नाही. "चर्च आमच्याही बापाचं आहे, आम्ही का निघायचं?" असे माझे पती म्हणत. पण या लोकांनी आपला बिशप वेगळा केला, आपले पाळक वेगळे नेमले, आणि त्या पाळकांना हे चर्च पाळक मानत नाही. २०१७ साली तू इथे प्रमुख पाळक म्हणून आलीस (वरील ओळीत ‘तू’ व ‘आलीस’ याऐवजी ‘आपण’ व ‘आलात’ असे वाचावे), त्याच महिन्यात माझे पती आणि आणखी तेरा माणसे बाहेर पडली आणि बंद पडलेल्या दूध डेअरीत, जिथे पूर्वी कॅन धूत, तिथे रविवारची उपासना करू लागली. त्यांचे पाळक सामुली रौतिओ एकशे नव्वद किलोमीटरवरून गाडी चालवत येतात. चौदांपैकी आता नऊ उरले आहेत. माझ्या पतींना धरले तर नऊ.

मी दोन्हीकडे होते. सकाळी दहाला चर्चची घंटा वाजवायची, आपले प्रवचन मागच्या बाकावर बसून ऐकायचे, मग घरी जाऊन बूट बदलायचे आणि दुपारी एकला डेअरीत हार्मोनियम वाजवायचा. निवृत्त झाल्यावर घंटा सुटली, बाकी तसेच राहिले. त्याबद्दल दोन्हीकडच्यांनी मला खूप काही ऐकवले. घरात मात्र कोणी काही बोलले नाही. आपण रविवारी जेवायला येणे सोडलेत, सोमवारी येऊ लागलात. कौको सोमवारी लाकडे फोडायला जंगलात जाऊ लागले.

४. गेल्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, तापवला होता. फुप्फुसे कडक होण्याच्या आजारामुळे त्यांना वाफ झेपत नव्हती, म्हणून ते बाहेरच्या खोलीत कपड्यांनिशी बसून होते आणि मी आत. दाराआडून त्यांनी माझ्याकडून वचन घेतले. "माझ्या पेटीपुढं बाई पाळक नको. विर्पी तर नकोच. ती वाचायला लागली तर मी पेटीतनं उठून बसेन, सांगून ठेवतो." मी म्हटले, "तुझीच पोर आहे ती." ते म्हणाले, "म्हणूनच." मी हो म्हटले. अंगावर पाणी घेत असताना दिलेले वचनही वचनच असते, असे मी धरून चालले आहे.

५. दि. ६ फेब्रुवारी, गुरुवारी, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी आरोग्य केंद्रात ते वारले. त्या दिवशी काय घडले ते परिच्छेद ८ मध्ये लिहिले आहे. इथे त्यानंतरचे.

दि. १० रोजी डेअरीतले वडीलधारे पेन्त्ती, जे माझ्या पतींबरोबर तरुणपणी नदीत ओंडके सोडायच्या कामावर होते, त्यांनी या कार्यालयात चर्च मिळण्यासाठी अर्ज केला. छापील अर्जात चार चौकटी आहेत : स्वतःच्या मंडळीचा पाळक, अन्य नोंदणीकृत चर्च, संगीताचा कार्यक्रम, इतर कार्यक्रम. पाळक रौतिओ यांच्यासाठी चौकट नाही. ते अन्य चर्चचे नाहीत, कारण त्यांनी चर्च सोडलेले नाही. ते आपल्या मंडळीचेही नाहीत, कारण आपण त्यांना मानत नाही. वरच्या कार्यालयाच्या परिपत्रकाचा आधार देऊन आपण दि. १७ रोजी नकार कळवला आणि ‘इतर कार्यक्रम’ या चौकटीत फेरअर्ज करता येईल, मात्र त्या वेळी कोणतीही धार्मिक कृती होऊ नये, असे सुचवले. त्याच आठवड्यात अग्निशमन दलाच्या वाद्यवृंदाचा सराव चर्चमध्ये झाला, तो याच चौकटीतून. पेन्त्ती म्हणाले, "म्हणजे आम्ही कौकोला आत न्यायचं आणि वर काय, टाळ्या वाजवायच्या?"

हे पत्र टपालात असतानाच सध्याच्या राखणदार हिल्का यांनी दि. २२ च्या दफनासाठी गोठलेली जमीन दोन दिवस तापवून खड्डा खणून घेतला होता. यात त्यांची चूक नाही. दफन रद्द झाले. खड्ड्यावर फळ्या टाकल्या. त्यावर बर्फ पडला.

६. मग आपण शेजारच्या मंडळीतले एक पुरुष सहायक पाळक देऊ केलेत. आपल्याला ते सुचवताना किती जड गेले असेल हे मी जाणते, आणि मी तेव्हा बोलले नाही ते इथे नोंदवते. पेन्त्तींनी तेही नाकारले. "तो बायकांच्या शेजारी वेदीपाशी उभा राहतो. त्यापेक्षा वाद्यवृंद बरा."

मग मला इल्मारी केस्ती आठवले. वय ८८, निवृत्त पाळक, बायका पाळक होण्याच्या आधीच्या काळातले. ते साठ किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात असतात. मी बसने गेले. त्यांनी विचारले, "कोण वारलं?" मी सांगितले. त्यांनी माझा हात धरला, डोळे पुसले. थोड्या वेळाने पुन्हा विचारले, "कोण वारलं?" असे तीनदा झाले आणि तिन्ही वेळा त्यांना नव्याने वाईट वाटले. मला बरे वाटले, खोटे कशाला लिहू. गावात तोवर कौकोबद्दल कोणालाच वाईट वाटत नव्हते, सगळे फक्त चिडले होते. केस्ती यायला तयार झाले. ते या चर्चचे निवृत्त पाळक असल्यामुळे आपलीही हरकत नव्हती. दि. ८ मार्च ठरली. हिल्कांनी फळ्या काढल्या, आतला बर्फ उपसला.

दि. ६ मार्च रोजी पेन्त्ती मंडळीच्या पत्रकाचा १९९१ सालचा अंक घेऊन माझ्या दारात आले. त्यात केस्ती यांचा फोटो आहे. शेजारी एक बाई पाळक उभ्या आहेत. मी म्हटले, "पेन्त्ती, हा छपराच्या दुरुस्तीचा फोटो आहे. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट आहे."

"शेजारी उभे आहेत ना?"

"कौल बघायला उभे आहेत!"

"आज कौल, उद्या वेदी. असंच सुरू झालं होतं सगळं."

ते वाईट नाहीत. त्यांनी गेली दोन वर्षे आमच्या घराची लाकडे आणून टाकली आहेत. पण त्या दिवशी मी त्यांच्या तोंडावर दार लावले, आणि दफन पुन्हा रद्द झाले.

७. आज बत्तीस दिवस झाले. आरोग्य केंद्राच्या शीतगृहात चार जागा आहेत. तिथल्या नर्सबाई भल्या आहेत, पण त्यांनीही फोनवर विचारले, "लेम्पी, अजून किती दिवस? मलाही वर उत्तर द्यावं लागतं." चर्चमध्ये मृताचे नाव दफनानंतरच्या रविवारी वाचून मेणबत्ती लावतात. दफन नाही, म्हणून नाव नाही, मेणबत्ती नाही. डेअरीत तर अजून ते आजाऱ्यांच्या यादीत आहेत, कारण तिथेही मृतांच्या यादीत नाव दफनानंतरच जाते. गेले चार रविवार पेन्त्ती माझ्या नवऱ्याला लवकर बरे वाटो म्हणून प्रार्थना वाचत आहेत आणि मी हार्मोनियमवर बसून आमेन म्हणत आहे. हे माझ्याने आता होत नाही. दुकानात लोक मला पाहिले की पाव निवडायला वळतात. सांत्वन करावे की अजून थांबावे, हे त्यांना कळत नाही. मला तरी कुठे कळते. मी काळे कपडे काढावेत की घालावेत हेही मला कोणी सांगितलेले नाही.

८. आता दि. ६ फेब्रुवारीची हकीगत. ही मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही.

त्या दिवशी हिमवादळ होते. पाळक रौतिओ सकाळी सातला घरून निघाले होते. साडेअकराला त्यांचा पेट्रोल पंपावरून फोन आला, "रस्ता बंद केलाय. मी बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागंच उभा आहे. कौकोला सांगा, येतोच." ते सायंकाळी सहाला पोचले. आपण बाराच्या सुमारास आलात. स्वेटरच्या आत पाळकाची पांढरी कॉलर होती. ती कौकोने पाहिली, आणि त्याने पाहिली हे आपण पाहिलेत.

"रौतिओ कुठवर आला?" त्याने विचारले.

आपण म्हणालात, "बाबा, रस्ता बंद आहे. मी आहे ना. प्रभुभोजनाचा डबा गाडीत आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

"तू माझी पोर आहेस. पाळक नाहीस."

आपण त्याच्या अंगावरचे पांघरूण नीट केलेत आणि बाहेर गेलात. दारातल्या काचेतून मला आपली पाठ दिसत होती. आपण कॉफीच्या यंत्रासमोर उभ्या होतात आणि बटण दाबत नव्हतात.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "लेम्पी, तू म्हण."

"मी काय म्हणू?"

"क्षमेचं. सव्वीस वर्षं ऐकलंस. पाठ असेल."

"मी बाईमाणूस, कौको. आणि पाळक तर मुळीच नाही."

"अडीअडचणीला कुणीही म्हटलेलं चालतं. मला कुणाकडून तरी ऐकल्याशिवाय जाता येत नाही गं."

तो घाबरला होता. एक्कावन्न वर्षांच्या संसारात मी त्याला घाबरलेला पाहिला नव्हता, ओंडका पायावर पडला तेव्हाही नाही. मी दार लावून घेतले. त्याने मला जे सांगायचे ते सांगितले. ते मी इथे लिहिणार नाही आणि कुठेही लिहिणार नाही. मग मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटले, "येशूच्या नावानं तुला सगळं माफ आहे." तो म्हणाला, "पुन्हा म्हण. मोठ्यानं." मी पुन्हा म्हटले. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी टोपी काढली.

त्यानंतर तो म्हणाला, "आता एक सांगतो. ही कबुली नाही, नुसती गोष्ट आहे. मी गेल्यावर तिला सांगितलीस तरी चालेल." म्हणून सांगते.

आपला दीक्षाविधी २००१ साली कॅथेड्रलमध्ये झाला. आम्ही दोघेही आलो नाही. मी घरी पुल्ला हा गोड पाव भाजला, बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवला आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसले. कौको त्या दिवशी करवतीची साखळी आणायला म्हणून रिकामा ट्रक घेऊन गेला होता. साखळी त्याने आणली नाही. म्हणाला, दुकान बंद होते. ते सगळे खोटे होते. तो कॅथेड्रलसमोरच्या चौकात ट्रक लावून विधी संपेपर्यंत दोन तास आत बसून राहिला होता.

"सगळ्यांबरोबर बाहेर आली. वारा होता. पांढरा झगा उडत होता तिचा, एका हातानं धरत होती, दुसऱ्या हातानं लोकांशी हात मिळवत होती. माझं लक्ष सगळं त्या झग्यावर."

"मग?"

"मग काय. गाडी चालू केली."

"आत का नाही गेलास रे?"

"बरोबर नव्हतं म्हणून."

"मग तिथवर तरी कशाला गेलास?"

त्याला धाप लागली होती. मग म्हणाला, "तिला बोलाव." मी दार उघडून हाक मारली. आपल्याला वाटते की मी घाबरून हाक मारली. तसे नाही. त्याने बोलावले होते. आपण दोन कप घेऊन आत आलात, तोवर त्याची वाचा गेली होती. त्याने कप धरलेल्या आपल्या हाताकडे बघितले आणि आपल्याला वाटले की त्याला कॉफी हवी आहे. आपण चमच्याने ओठांना लावलीत. ती त्याने घेतली. त्याला कॉफी नको होती. पण आपण देत होतात म्हणून त्याने घेतली, असे माझे मत आहे.

९. इथे अर्जदाराची एक अडचण आहे आणि ती दफनाहूनही मोठी आहे. मी म्हटलेली क्षमा लागू पडली की नाही, हे मला कोणी सांगितलेले नाही. पाळक रौतिओंना विचारावे तर डेअरीत कळेल की कौकोने शेवटचा शब्द एका बाईच्या तोंडून घेतला, आणि त्याच्यामागे लोक हसतील किंवा त्याहून वाईट म्हणजे वाद घालतील. आपल्याला विचारावे तर आपल्याला दाराबाहेर उभे ठेवून त्याने ती माझ्याकडून घेतली हे सांगावे लागेल. म्हणून बत्तीस दिवस मी गप्प राहिले. दिवसभर काम करताना मी ते वाक्य मनात म्हणून बघते, कुठला शब्द राहिला का. मी "पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या" असे पूर्ण म्हटले नव्हते, फक्त येशूचे नाव घेतले होते. घाईत तेवढेच आले. त्याचे काही कमी तर पडले नाही ना? वेदीवरचे कापड उलटे पडले तर मला कळायचे. हे कळत नाही. माझ्या चुकीने तो कुठे अडकून तर राहिला नसेल ना, जसा इथे शीतगृहात अडकला आहे? विर्पी, मला याचे उत्तर लेखी पाहिजे.

१०. काल, दि. ९ रोजी, डेअरीतली उपासना संपल्यावर पेन्त्ती यादी वाचायला उठले, तेव्हा मी हार्मोनियमचे झाकण लावून उभी राहिले. मी म्हटले, "कौकोचं नाव आजाऱ्यांत वाचू नका. तो मेलाय. त्याला माती मी देणार."

पेन्त्ती म्हणाले, "बाईनं माती द्यायची, म्हणजे फिरून तेच की."

"मी पाळक नाही, पेन्त्ती. मी त्याची बायको आहे. बायकोनं नवऱ्याला माती देऊ नये असं कुठं लिहिलंय ते काढून दाखवा. मी इथंच बसते."

ते खरोखरच पुस्तक घेऊन बसले. चष्मा लावून पाने उलटत राहिले. कोणी घरी गेले नाही. शेवटी पाळक रौतिओंनी त्यांच्या हातातून हळूच पुस्तक घेतले आणि मिटले. "नाही लिहिलेलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लेम्पी, त्या दिवशी मी वेळेवर पोचलो नाही. तेव्हापासून मी या गावात वर मान करून चाललेलो नाही. तुम्ही म्हणाल तिथं मी उभा राहीन. फाटकाबाहेर म्हणालात तर फाटकाबाहेर." तिथून मी थेट घरी आले, आपल्याला फोन केला आणि आपण आलात.

११. सबब, अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे आहे.

(अ) शनिवार दि. १५ मार्च रोजी दुपारी बारा वाजता दफन करू द्यावे. चर्च नको, वेदी नको, चौकट नको. फक्त दफनभूमी, जिथे हिल्कांनी खणलेली जागा आहे.

(आ) घंटा वाजवावी. घंटेला बाई-पुरुष नसतो.

(इ) पेटीवर तीन फावडी वाळू मी टाकीन. वाळू मी घरी चाळून, भट्टीवर कोरडी करून आणीन. शब्द मी म्हणेन. माझ्याने झाले नाही तर कोणीच म्हणू नये, तसेच झाकावे.

(ई) पाळक रौतिओ आणि डेअरीतल्या माणसांना आत येऊ द्यावे. ते गातील. गाणे ही धार्मिक कृती धरली जात असेल तर ते नुसते उभे राहतील.

(उ) प्रमुख पाळकांनी त्या दिवशी दफनभूमीत पाळक म्हणून येऊ नये, कारण मी वचन दिले आहे. त्याहून पुढचे मला लिहिता येत नाही. विर्पी निस्काला या नावाची मयताची एक मुलगी आहे. तिला कळवावे.

१२. परवानगी न मिळाल्यास काय करीन, हे मी परवा ठरवून बसले होते आणि ते सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. दफनभूमीच्या फाटकाची एक किल्ली सहा वर्षांपूर्वी जमा करायची राहून गेली, ती माझ्या शिवणाच्या डब्यात होती. पेन्त्तींचा ट्रॅक्टर मिळाला असता. आरोग्य केंद्रातून पेटी नातलगाच्या सहीने मिळते. शनिवारी सकाळी, सगळे दुकानात असताना, मी त्याला स्वतः घेऊन गेले असते आणि कोणाला विचारले नसते. खड्डा खणलेलाच आहे.

पण सव्वीस वर्षांत मी या फाटकातून कोणालाही चोरून आत नेलेले नाही. नवऱ्याला तसे न्यायचे नाही. म्हणून ती किल्ली अर्जासोबत जोडली आहे. आता माझ्याकडे काही नाही, फक्त आपला निर्णय आहे. तो लवकर द्यावा. मी वयाने मोठी आहे, आई आहे आणि हात जोडून लिहीत आहे.

निर्णयाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही) लेम्पी निस्काला
कुर्किसाल्मी, दि. १० मार्च २०२५, सकाळी आठ वाजता.

सोबत :
१. मृत्यूचा दाखला.
२. आरोग्य केंद्राच्या पत्राची प्रत.
३. मंडळीचे पत्रक, १९९१, छपराच्या दुरुस्तीचा फोटो असलेले (पेन्त्तींना परत करायचे आहे).
४. दफनभूमीच्या फाटकाची किल्ली, एक.

कार्यालयाचा शेरा
(दि. १० मार्च, सकाळी ९.४०)

परिच्छेद ११ (अ) ते (ई) : मंजूर. गाण्यास हरकत नाही. वरच्या कार्यालयाला मी कळवीन, उत्तरही मीच देईन.

परिच्छेद ९ : अर्जदाराने उच्चारलेली क्षमा पूर्ण व ग्राह्य आहे. एकही शब्द कमी पडलेला नाही. लेखी दिले असे.

परिच्छेद ११ (उ) : शनिवार दि. १५ मार्च रोजी प्रमुख पाळक रजेवर आहेत. रजेचे कारण : वडिलांचे दफन.

(सही) वि. निस्काला